मजुरी एकाची, भूक साऱ्या घराची

सरकारी मदत मिळत असूनही काही कुटुंबांना पुरेसे अन्न का परवडत नाही? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या कुटुंबांच्याच माथी मारले जाते. घरधनी व्यसनी असेल, गृहिणीला काटकसर जमत नसेल, मुले जास्त झाली असतील, असे सहज बोलले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात एका श्रीमंत घराण्यातील तरुणीने हाच प्रश्न उलट बाजूने विचारला. चूक गरिबांच्या संसारात नसून मदत मोजणाऱ्यांच्या हिशेबात असेल तर काय? पुढली चाळीस वर्षे त्यांनी हा हिशेब तपासला आणि अखेरीस ब्रिटनच्या संसदेला तो बदलायला भाग पाडले. ब्रिटनमध्ये कुटुंब भत्त्याच्या जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एलिनॉर रॅथबोन यांचा हा जीवनपट आहे. त्यांना यश मिळाले, पण ते अपुरे होते. जे अपुरे राहिले त्याची झळ ब्रिटनमधील गरीब घरांना त्यांच्या पश्चात दीर्घकाळ सोसावी लागली.

व्यापारी घराण्यातील मुलगी

एलिनॉर फ्लॉरेन्स रॅथबोन यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मात्र मूळ लिव्हरपूलचे आणि पिढ्यानपिढ्या व्यापारात असलेले. ज्या शहराचे वैभव बऱ्याच अंशी गुलामांच्या व्यापारावर उभे राहिले, त्याच शहरात राहून रॅथबोनांच्या पूर्वजांनी त्या व्यापाराला विरोध केला होता. एलिनॉर यांचे वडील विल्यम रॅथबोन हे उदारमतवादी पक्षाचे खासदार होते. गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था त्यांनी १८५९ मध्ये लिव्हरपूलमध्ये सुरू केली आणि पुढे त्या कामाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मार्गदर्शन लाभले. संपत्तीबरोबर जबाबदारीही येते, हा या घराचा संस्कार होता. केवळ कळवळा पुरेसा नाही, आधी माहिती नीट गोळा केली पाहिजे, हाही धडा एलिनॉर यांना वडिलांकडूनच मिळाला.

१८९३ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना शिकता येत असे, परीक्षा देता येत असे. पदवी मात्र मिळत नसे. १९२० पर्यंत ही स्थिती कायम होती. मैत्रिणींनी त्यांना तत्त्ववेत्ती असे नाव ठेवले होते. कपड्यांकडे, टापटिपीकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. डोक्यात सतत काही ना काही विचार चाललेला असे. शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गरिबांना साह्य करणाऱ्या एका संस्थेच्या वतीने घरोघरी जाऊ लागल्या. वडिलांचे सहकार्य होते, कामाची ओढ होती. परंतु या भेटींनी त्यांच्या मनातील जुन्या समजुतींना धक्के बसू लागले.

गोदीवरची मजुरी

त्या काळच्या लिव्हरपूलचे जीवन गोदीभोवती फिरत असे. जहाजे येतील तसे काम निघे. मजूर गोदीच्या दारात उभे राहत आणि मुकादम त्यांतून हवे तेवढे निवडून घेई. आपल्याकडे शहरांतील नाक्यांवर सकाळी जे दृश्य दिसते, त्याच्याशी जुळणारेच हे चित्र. नेमणूक अनेकदा अर्ध्या दिवसापुरतीच असे. एका आठवड्यात हातात चार पैसे बरे पडत, तर पुढचा आठवडा रिकामा जाई. रॅथबोन यांनी प्रथम गोदीतील कामाच्या पद्धतीचा अभ्यास केला. त्यानंतर या मजुरांच्या घरांकडे मोर्चा वळवला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात गोदी कामगारांच्या कुटुंबांचा आठवड्याचा जमाखर्च मांडलेला आहे. किती पैसे आले, भाड्यात किती गेले, कोळशाला किती, पावाला किती, हे त्या घरांतील गृहिणींकडूनच नोंदवून घेतले होते.

या नोंदींतून एक साधी गोष्ट पुढे आली. भाडे ठरलेले असते. ते थकले तर घर सुटते. थंडीत कोळसा लागतोच. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही. ज्या खर्चाला कात्री लावली तरी दारात कोणी वसुलीला येत नाही, असा खर्च एकच, तो म्हणजे अन्नाचा. त्यामुळे मिळकत घटली की पहिला घाव ताटावर पडतो. त्यातही आधी आईच्या ताटावर, कारण कमावत्या पुरुषाने उपाशी राहून गोदीवर ओझी उचलणे शक्य नसते आणि मुलांच्या तोंडचा घास आई काढून घेत नाही. वस्तू थोड्याथोड्या घ्याव्या लागल्याने गरिबाला त्या महागही पडतात. आठवड्याच्या सुरुवातीला घरातले बरे कपडे गहाण टाकायचे आणि मजुरी मिळाली की सोडवून आणायचे, हा अनेक घरांचा नित्यक्रम होता. त्यापायी भरावे लागणारे व्याज हाही अखेर अन्नातूनच वजा होणारा पैसा होता.

याच सुमारास, १९०९ मध्ये, रॅथबोन लिव्हरपूलच्या नगरपालिकेवर अपक्ष म्हणून निवडून आल्या. तेथे निवडून जाणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९१३ मध्ये त्यांनी विधवांच्या स्थितीवरील अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या गरीब कायद्याखाली विधवांना साह्य मिळत असे. परंतु त्याची रक्कम ठरवताना त्या घराला किती लागते, हे पाहिले जात नसे. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मजुरी मिळवणाऱ्या कामगारापेक्षा बरी असता कामा नये, हे त्या कायद्यामागील तत्त्व होते. मजुरीवरच पोट भरत नसेल, तर मजुरीहून कमी ठेवलेल्या मदतीवर ते भरणार कसे, हा प्रश्न रॅथबोन यांच्यापुढे उभा राहिला. मदत आणि उपासमार एकाच घरात एकत्र का नांदतात, याचे पहिले कारण त्यांना येथे सापडले.

युद्धाने दाखवलेली वाट

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्यात गेलेल्या पुरुषांच्या बायकामुलांसाठी सरकारने भत्ता सुरू केला. लिव्हरपूलमधील सैनिकांच्या कुटुंबांना साह्य करणाऱ्या संस्थेचे काम रॅथबोन यांच्याकडे आले. गोदी कामगारांचीच ही घरे. त्यातील कित्येकांचे जुने जमाखर्च त्यांना ठाऊक होते. या भत्त्याचे दोन विशेष होते. एक तर तो मुलांच्या संख्येनुसार वाढत असे. दुसरे म्हणजे, तो थेट पत्नीच्या हाती पडे आणि ठरल्या दिवशी पडे.

त्याचा परिणाम रॅथबोन यांनी डोळ्यांनी पाहिला. घरातील कर्ता पुरुष आघाडीवर असताना, महागाई वाढलेली असताना, अनेक घरांतील मुले आधीपेक्षा धडधाकट दिसू लागली. ज्या स्त्रियांवर अव्यवस्थितपणाचा शिक्का मारला जात होता, त्यांच्यातील पुष्कळजणी नियमित पैसा हाती येताच घर नीट चालवू लागल्या. काटकसरीचे धडे देणाऱ्यांनी जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते ठरल्या दिवशी येणाऱ्या ठरलेल्या रकमेने साधले. युद्धासाठी केलेली ही सोय शांततेच्या काळात का असू नये, या विचाराने रॅथबोन यांना झपाटले. १९१७ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन कुटुंब भत्त्याच्या मागणीसाठी एक समिती स्थापन केली. या साऱ्या प्रवासात स्कॉटलंडहून आलेल्या समाजकार्यकर्त्या एलिझाबेथ मॅकॅडम या त्यांच्या आयुष्यभराच्या सखी आणि सहकारी होत्या.

नसलेली मुले आणि असलेली भूक

१९२४ मध्ये रॅथबोन यांचा वारसाहीन कुटुंबाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचा तो पाया होय. कामगार चळवळीची त्या काळची प्रमुख मागणी निर्वाह वेतनाची होती. प्रत्येक पुरुषाला पत्नी आणि तीन मुले पोसता येतील एवढी मजुरी मिळावी, असे तिचे स्वरूप. ऐकायला ती न्याय्य वाटे. रॅथबोन यांनी जनगणनेचे आकडे घेऊन हे पाच जणांचे कुटुंब प्रत्यक्षात किती आहे, ते तपासले. वीस वर्षांवरील पुरुषांपैकी बरोबर तीन मुले पोसणारे दहांत एकही भरत नव्हते. निम्म्याहून अधिक पुरुषांवर मुलांचा भारच नव्हता. कोणी अविवाहित होते, कोणाची मुले मोठी झाली होती, कोणाला ती नव्हतीच.

म्हणजे सर्वांना पाच जणांपुरती मजुरी द्यायची ठरवली, तर हिशेबात एक कोटी ६० लाखांहून अधिक मुले अशी धरावी लागत, जी अस्तित्वातच नव्हती. आणि एवढे करूनही तीनपेक्षा अधिक मुले असलेल्या घरांतील साडेबारा लाखांहून अधिक खरी मुले हिशेबाबाहेरच राहत. देशाची संपत्ती एवढा बोजा पेलू शकत नव्हती. म्हणून मजुरी कुठल्यातरी मधल्या आकड्यावर थांबे. एकट्या पुरुषाला ती पुरून उरे आणि सहा तोंडांच्या घराला ती अपुरी पडे. मजुरी कामाच्या मोलाने मिळते, भूक मात्र माणसे मोजते, आणि या दोहोंचा मेळ बाजार कधीच घालू शकत नाही, हे रॅथबोन यांच्या प्रतिपादनाचे सार होते. तो मेळ समाजानेच घातला पाहिजे आणि प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम आईच्या हाती दिली पाहिजे, हा त्यावरचा त्यांचा उपाय.

या विचाराला विरोध सर्व बाजूंनी झाला. सनातनी मंडळींना बापाची जबाबदारी संपेल अशी भीती वाटली. कामगार संघटनांना वेगळीच शंका होती. मुलांचा खर्च सरकार करणार म्हटल्यावर मालक मजुरी कापतील, असे त्यांचे म्हणणे; १९३० मध्ये कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने ही मागणी नाकारली. स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा ज्यांनी दीर्घकाळ चालवला, त्या मिलिसंट फॉसेट यांनाही कुटुंब भत्ता मान्य नव्हता. वास्तविक फॉसेट यांच्यानंतर १९१९ मध्ये त्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद रॅथबोन यांच्याकडेच आले होते. जुन्या नेत्या दुरावल्या, तरी एक मोलाचा अनुयायी लाभला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज यांना हा ग्रंथ पटला आणि त्यांनी आपल्या संस्थेतील अध्यापकांसाठी मुलांचा भत्ता सुरू केला. पुढे याच बेव्हरिज यांच्या हातून या कल्पनेला राष्ट्रीय धोरणात स्थान मिळायचे होते.

मंदीच्या काळातील ताट

१९२२ मधील पहिला पराभव पचवून १९२९ मध्ये रॅथबोन विद्यापीठांच्या मतदारसंघातून अपक्ष खासदार म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेल्या आणि अखेरपर्यंत तेथे राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि मंदीची लाट ब्रिटनवर येऊन आदळली. लाखो कामगार बेकार झाले. बेकारांना भत्ता मिळत होता, म्हणजे मदत होती. परंतु १९३१ मध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी साऱ्या घराच्या मिळकतीची चौकशी सक्तीची झाली. मुलगा किंवा मुलगी चार शिलिंग कमावू लागली, की बापाचा भत्ता तेवढा कापला जाई. या चौकशीची कटू आठवण तेथील कामगार वस्त्यांत पिढ्यानपिढ्या टिकून राहिली.

बेकाराच्या मुलामागे मिळणारी रक्कम आठवड्याला अवघी दोन शिलिंग होती. १९३३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या समितीने प्रकृती टिकवण्यासाठी लागणाऱ्या अन्नाचा कमीत कमी खर्च काढला. प्रौढ पुरुषासाठी तो आठवड्याला सहा शिलिंगांच्या किंचित आत होता. मुलांच्या वयोमानानुसार काढलेले आकडेही सरकारी दोन शिलिंगांच्या पुढे जात होते. म्हणजे मुलाच्या वाट्याची सारी मदत अन्नावर खर्च केली, कपडे, बूट, औषध काही घेतले नाही, तरी ते मूल अर्धपोटीच राहणार होते. आता प्रश्न मतांचा राहिला नव्हता, तो सरळ वजाबाकीचा झाला होता.

त्याच काळात इंग्लंडच्या उत्तरेकडील स्टॉक्टन येथून आलेल्या माहितीने अनेकांना विचारात पाडले. तेथील आरोग्य अधिकारी डॉ. मॅकगॉनिगल यांनी एका झोपडवस्तीतून नव्या, हवेशीर घरांत हलवलेल्या कुटुंबांची पाहणी केली होती. घरे उत्तम होती, तरीही या कुटुंबांतील मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे २३ वरून ३३ च्या वर गेले. जे जुन्याच वस्तीत राहिले त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. कारण शोधले तेव्हा भाड्याकडे बोट गेले. नव्या घरांचे भाडे जास्त होते आणि ते भरल्यावर अन्नाला उरणारा पैसा कमी झाला होता. सरकारने चांगल्या हेतूने दिलेल्या घरानेच ताट रिते केले होते. १९०९ च्या लिव्हरपूल अहवालात रॅथबोन यांना जे दिसले होते, तेच आता मृत्यूच्या नोंदींत उमटले होते.

१९३४ मध्ये रॅथबोन यांच्या पुढाकाराने मुलांच्या किमान गरजांसाठी एक परिषद स्थापन झाली. बेकारांच्या मुलांचा भत्ता वाढवा, शाळेत दूध आणि जेवण द्या, भाडे ठरवताना मुलांची संख्या पाहा, अशा तिच्या मागण्या होत्या. त्याच वर्षी शाळांतून एक तृतीयांश पिंट दूध अर्ध्या पेनीत मिळू लागले आणि १९३५ मध्ये मुलाचा भत्ता दोनाचा तीन शिलिंग झाला. १९३६ मध्ये आहारतज्ज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी दाखवले, की देशातील सर्वांत गरीब ४५ लाख लोकांचा आहार प्रत्येक पोषक घटकात उणा आहे आणि या गटात मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त आहे. अधिक मुले म्हणजे अधिक उपासमार, हे रॅथबोन यांचे सूत्र आता शास्त्रज्ञांच्या आकड्यांनी सिद्ध होत होते.

भारताशी जडलेले नाते

रॅथबोन यांचा भारताशी आलेला संबंध येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्यात त्यांची मर्यादाही दिसते. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले कॅथरिन मेयो यांचे भारतावरील वादग्रस्त पुस्तक वाचून त्या अस्वस्थ झाल्या आणि बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडावी, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२९ मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरवली. व्यासपीठावर प्रामुख्याने इंग्रज वक्ते होते. सभेत उपस्थित असलेल्या धन्वंती रामा राव यांनी उठून जाहीर हरकत घेतली. भारतीय स्त्रिया स्वतः हे काम करीत असताना परक्यांनी त्यांच्या वतीने बोलण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. याच धन्वंती रामा राव यांनी पुढे मुंबईत १९४९ मध्ये कुटुंब नियोजनाच्या अखिल भारतीय संस्थेची उभारणी केली.

रॅथबोन १९३२ मध्ये भारतात आल्या, इथल्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटल्या आणि त्यांच्या मताधिकारासाठी संसदेत भांडत राहिल्या. पण सरसकट प्रौढ मताधिकाराची भारतीय स्त्री संघटनांची मागणी त्यांना घाईची वाटे. १९४१ मध्ये त्यांनी भारतीय मित्रांना उद्देशून उघडे पत्र लिहिले आणि युद्धात ब्रिटनला साथ न देण्याबद्दल नाराजी व्यक्त केली. रुग्णशय्येवर असलेल्या रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जून १९४१ मध्ये कठोर उत्तर दिले. ब्रिटिश राजवटीने भारतीय खेड्यांतील भुकेल्या, तहानलेल्या माणसांसाठी काय केले, असा त्यांचा रोख होता. पुढे दोनच वर्षांनी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लिव्हरपूलच्या गरीब आईला आपल्या घराचे भले कळते, असे आयुष्यभर सांगणाऱ्या रॅथबोन यांना भारताच्या बाबतीत तोच विश्वास पूर्णपणे दाखवता आला नाही, हे मान्य करावे लागते.

पाच शिलिंगांचा विजय

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धकाळात रॅथबोन यांनी नाझी अत्याचारातून सुटू पाहणाऱ्या निर्वासितांसाठी इतके कष्ट घेतले, की त्यांना निर्वासितांच्या खासदार म्हटले जाऊ लागले. तरीही कुटुंब भत्त्याचा धागा त्यांनी सोडला नव्हता. १९४० मध्ये त्यांनी या विषयावर स्वस्त किमतीचे छोटे पुस्तक काढले. युद्धातील महागाई, मुलांच्या पोषणाची चिंता आणि वाढत चाललेला पाठिंबा यांमुळे हवा पालटली. कामगार संघटनांनी १९४२ मध्ये विरोध सोडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला. पहिले मूल वगळून पुढील प्रत्येक मुलामागे सरासरी आठ शिलिंग द्यावेत, असे त्यात सुचवले होते. नोकरीत असलेल्यालाही मुलांचा भत्ता मिळाला नाही, तर मोठ्या कुटुंबातील बेकाराची मदत त्याच्या मजुरीपेक्षा जास्त होईल आणि मग ती मदतच कापली जाईल, हे बेव्हरिज यांनी ओळखले होते.

१९४५ मध्ये विधेयक आले तेव्हा आठाचे पाच शिलिंग झाले होते. उरलेल्याची भरपाई शाळेतील दूध आणि जेवणाने होईल, असे सांगण्यात आले. त्याहून गंभीर बाब म्हणजे भत्त्याचा हक्क विधेयकात बापाला दिला होता. ७२ वर्षांच्या रॅथबोन संतापल्या. ज्या तत्त्वासाठी हे सारे केले तेच जात असेल, तर आपण आपल्याच मागणीच्या विधेयकाविरुद्ध मत देऊ, असे त्यांनी सभागृहात बजावले. शेवटी सरकारने सदस्यांना आपल्या मताप्रमाणे मतदान करण्याची मोकळीक दिली आणि भत्ता आईच्या नावावर झाला. १५ जून १९४५ रोजी कायद्यावर शिक्कामोर्तब झाले.

२ जानेवारी १९४६ रोजी लंडनमधील राहत्या घरी रॅथबोन यांचे आकस्मिक निधन झाले. त्या वर्षी ६ ऑगस्टच्या मंगळवारी ब्रिटनमधील माता पहिल्यांदा टपाल कार्यालयांतून हा भत्ता घेऊन गेल्या. तो दिवस पाहायला रॅथबोन नव्हत्या.

अपुरा राहिलेला हिशेब

कायदा झाला, पण जुन्या सवयी गेल्या नाहीत. शाळेत सर्वांना मोफत जेवण देण्याचे आश्वासन पूर्ण झाले नाही. पाच शिलिंगांचे आठ व्हायला १९५२ उजाडले. सर्वांत गरीब लोक ज्या राष्ट्रीय साह्यावर जगत, त्यातून कुटुंब भत्त्याची रक्कम वजा केली जाई. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाई. मदत पूर्वीच्या मजुरीपेक्षा जास्त होता कामा नये, हा जुना दंडक १९७५ पर्यंत टिकला. त्याचा फटका कमी पगाराच्या आणि जास्त मुलांच्या घरांनाच बसे. १९६५ मध्ये ब्रायन एबल-स्मिथ आणि पीटर टाउनसेंड या अभ्यासकांनी कल्याणकारी राज्यातही दारिद्र्य टिकून असल्याचे दाखवले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. पहिल्या मुलालाही भत्ता मिळू लागला तो १९७७ पासून.

पुढे काटा पुन्हा उलटा फिरला. २०१३ मध्ये एका कुटुंबाला मिळू शकणाऱ्या एकूण मदतीवर कमाल मर्यादा आली. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढील मुलांसाठी गरीब कुटुंबांना मिळणारी वाढीव मदत बंद झाली. नव्या अर्जदाराला पहिली रक्कम मिळण्यासाठी पाच आठवडे थांबावे लागे आणि तोवर भाडे, वीज, हप्ता यांची देणी साचत. परिणामी लोक अन्नपेढ्यांच्या दारी येऊ लागले. ट्रसेल या संस्थेच्या जाळ्यातील अन्नपेढ्यांनी मार्च २०२४ अखेरच्या वर्षात ३१ लाख आपत्कालीन शिधापाकिटे वाटली. ही संख्या एका श्रीमंत आणि कल्याणकारी म्हणवणाऱ्या देशातील आहे. दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. तोंडे मोजा, हे रॅथबोन यांचे म्हणणे ब्रिटनला त्यांच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा ऐकावे लागले.

आपल्या शिधापत्रिकेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील घराला माणशी पाच किलो धान्य मिळते, तर अंत्योदय गटातील, म्हणजे गरिबांतील गरीब घराला, सरसकट ३५ किलो. घरात चार माणसे असतील तर अंत्योदयचे पारडे जड आहे. पण घरात आठ माणसे असतील, तर माणशी पाचच्या हिशेबाने ४० किलो होतात आणि अधिक गरीब ठरलेल्या घराला ३५ किलोच मिळतात. शिवाय धान्य आले, तरी तेल, डाळ, भाजी, सिलिंडर आणि खोलीचे भाडे बाजारभावानेच द्यावे लागते. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा दीड हजार रुपये थेट स्त्रीच्या खात्यात जमा होऊ लागले. पैसा घरातील स्त्रीच्या हाती द्यावा, हे रॅथबोन यांचे एक तत्त्व त्यात आहे. त्या पैशावर किती जणांचे पोट अवलंबून आहे, हे पाहण्याचे त्यांचे दुसरे तत्त्व मात्र त्यात नाही.

रॅथबोन यांनी गरिबांना उपदेश करणे फार लवकर थांबवले आणि त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या वाचायला घेतल्या. मदत पोचली का, एवढे विचारून त्या थांबत नसत. भाडे आणि देणी गेल्यावर माणशी किती उरले, हे त्या विचारत. कोणतीही योजना यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यापूर्वी सरकारी कार्यालयांनी हा एक प्रश्न विचारला, तरी मदत मिळूनही अर्धपोटी राहणारी पुष्कळ घरे त्यांच्या नजरेस पडतील.